शेवटची शू कधी झाली?

साताऱ्यातल्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला चार प्रश्न विचारले. उलट्या किती झाल्या, जुलाब किती झाले, पोटात किती टिकलं, आणि शेवटची शू कधी झाली. मी पतपेढीत कॅशियर आहे. संध्याकाळी गल्ल्यात दहा रुपये कमी भरले तर ते सापडेपर्यंत खुर्ची सोडत नाही. पण पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर होतं "बऱ्याच", तिसऱ्याला "फारसं नाही", आणि चौथ्याला काहीच नाही.

म्हणून हा हिशेब नंतर मांडला. मोबाइलवरचे कॉल, बायकोला केलेले मेसेज, मेडिकलच्या बिलावरची वेळ आणि आईची आठवण जुळवून. पाण्याचे आकडे अंदाजाचे आहेत, वजनाचे मात्र काट्यावरचे. वेळेपुढे कंसात लिहिलंय ते हातात किती वेळ उरला होता ते. त्या रात्री ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रविवार, १९ जानेवारी २०२५, संध्याकाळी ५

वाईला आमच्या घरी लेकीचं, चिऊचं, बोरन्हाण. दहा महिन्यांची पोर, काळं झबलं, हलव्याचे दागिने. मुकुट सारखा ओढून काढत होती. गल्लीतली दहा-बारा पोरं जमली होती. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले की पोरांनी झडप घालायची, असा तो खेळ. चिऊनेही एक बोर उचलून तोंडात घातलं. मी ते बोट घालून काढलं. तोवर ते किती हातांतून फिरलं होतं कोण जाणे. त्यातल्या एका पोराचं आदल्या दिवशी पोट बिघडलं होतं, हे आम्हाला बुधवारनंतर कळलं.

पुढे तपासणीत निघाला तो रोटाव्हायरस. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गाडीच्या चाकासारखा दिसतो, म्हणून हे नाव. थंडीत त्याचा जोर असतो आणि पोटात गेल्यावर साधारण दोन दिवसांनी तो उठतो. चिऊला त्याच्या लशीचे तिन्ही डोस दिलेले होते. आपल्याकडच्या रोटाव्हॅक लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या बाळांवर झाली होती. पहिल्या वर्षात गंभीर आजार निम्म्याहून थोडा जास्त कमी झाला. हे खूप आहे. पण उरलेल्यांत कुणीतरी असतंच.

मंगळवार, रात्री १०.५० (साडेतेरा तास)

बायको तीन दिवसांच्या सरकारी ट्रेनिंगला छत्रपती संभाजीनगरला गेलेली. घरी मी, आई आणि चिऊ. झोपेतून उठून चिऊने एकदम उलटी केली, रात्रीचं सगळं दूध, माझ्या खांद्यावरून पाठीवर. मी हसलो. आई म्हणाली, "दात येतायत." चादर बदलली. बायकोला मेसेज केला: जेवण परत आलं, बाकी मजेत.

१२.१५ (बारा तास)

आणखी दोन उलट्या. दुसरीत दूध नव्हतं, नुसतं पाणी. अंग किंचित गरम. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बोरन्हाणाला एवढी माणसं आली, दृष्ट लागणारच. मी काही बोललो नाही. तिला तेवढंच बरं वाटतं, आणि मोहऱ्यांनी कुणाचं नुकसान होत नाही.

नुकसान पुढच्या वाक्याने झालं. "आता काही देऊ नकोस. जेवढं देशील तेवढं उलटेल. पोटाला विश्रांती दे." मला ते पटलं. अगदी शहाणपणाचं वाटलं. उलटी म्हणजे पोट नको म्हणतंय, असा सरळ हिशेब. खरं तर उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करायचं असतं. आम्ही पावणेतीन तास थांबलो.

१.४० (दहा तास चाळीस मिनिटं)

पहिला जुलाब. भाताच्या पेजेसारखा, त्याला एक आंबट घाण वास; अजूनही कधी तो नाकात येतो. डायपर बदलला. वीस मिनिटांत पुन्हा. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "ती पिशवी बांधू नकोस. लंगोट बांध, काय होतंय ते कळेल तरी."

मध्यरात्री लंगोट कोण धुणार, म्हणून मी डायपरच लावला.

३.०५ (सव्वानऊ तास)

ओआरएसची पुडी आठवली. आशाताईंनी कधीतरी दिलेली, फ्रिजवरच्या डब्यात होती. दुधाच्या बाटलीत २०० मिली उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि पुडी त्यात रिकामी केली. चिऊने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, बाटली ढकलली. आणखी दोनदा प्रयत्न केला. नाहीच.

पुडीवर मराठीत, इंग्रजीत, शिवाय चित्र काढून लिहिलेलं होतं: एक लिटर पाणी. मी रोज नोटांवरचे नंबर तपासतो आणि हे वाचलं नाही. म्हणजे हवं त्याच्या पाचपट तीव्र, समुद्राच्या पाण्याच्या जवळपास खारट पाणी मी दहा महिन्यांच्या लेकराला पाजत होतो. ते पोटात गेलं असतं तर रक्तातलं मीठ चढून झटके येऊ शकले असते. तिने थुंकलं म्हणून वाचली. पाजण्याआधी मी स्वतः एक थेंब जिभेवर ठेवला असता तरी कळलं असतं. नीट कालवलेलं पाणी डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागत नाही.

या पुडीमागची गोष्ट मी नंतर दवाखान्याच्या बाकावर बसून वाचली. १९७१, बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित, बनगावची छावणी, कॉलरा. दिलीप महालनबीस नावाच्या डॉक्टरांकडे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायला लावला, गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडं बंद केली, पिंपांत पाणी कालवलं आणि पिंपाच्या नळाने ते पेल्यात भरून नातेवाइकांच्या हातात दिलं: पाजत राहा. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यामागचं तत्त्व तोवर प्रयोगशाळेत माहीत झालेलं होतं. आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की मीठ तिथून साखरेचा हात धरूनच आत जातं, आणि ते दोघं गेले की पाणी मागोमाग जातं. जुलाबात बाकीची दारं मोडली तरी हे बहुधा चालू राहतं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच पडून राहते आणि उलट शरीराचं पाणी बाहेर ओढते. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं.

पुडी माझ्या फ्रिजवर होती. ५४ वर्षांपूर्वी छावणीतल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी जे बिनचूक केलं, ते मला जमलं नाही.

५.१० (सात तास दहा मिनिटं)

सात जुलाब झाले होते, कदाचित आठ. चिऊ रडत होती, पण रडण्यात जोर नव्हता, आणि डोळे कोरडे. हे कोरडं रडणं मला दिसलं होतं. त्याचा अर्थ लागला नाही.

आईने तिला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि हात टाळूवर थांबला. "अरे, टाळू बसलीय हिची."

मी म्हणालो, "आई, प्लीज."

ती उठली, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि टाळू भरायला लागली. बोटाने थेंब थेंब. तेल त्या खळग्यात साचून राहिलं. एरवी ते केसांत ओघळतं. दिव्याच्या उजेडात ते छोटं तळं मी स्वतः पाहिलं आणि मनात म्हणालो, हिच्या या जुन्या समजुती.

निदान तिचं बरोबर होतं, उपाय चुकीचा. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. अंगातलं पाणी आटलं की बाळाची टाळू आत जाते, हे कुठलाही बालरोगतज्ज्ञ पहिल्या मिनिटाला हात लावून पाहतो. या वेळेला तिचं साधारण ४५० मिली पाणी गेलेलं असावं, वजनाच्या पाच टक्के. खुणा दिसायला लागतात त्या इथूनच.

आणि इथे हिशेब अजून हातात होता. अशा बाळाला किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत द्यायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं कोष्टक सांगतं. चिऊचं वजन ८.४ किलो. म्हणजे ६३० मिली. पाच मिलीचा चमचा धरला तर १२६ चमचे, साधारण दर दोन मिनिटांना एक. सव्वापाचला सुरू केलं असतं तर सव्वानऊला संपलं असतं.

मी कितीदातरी मोबाइल उघडून पाहिला त्या वेळात. एकशे सव्वीस चमचे.

६.१५ (सहा तास)

बायकोचा फोन. "कशी आहे?" "थोडं पोट बिघडलंय." तिने एकच प्रश्न विचारला. "शू करतेय ना?"

"हो, डायपर ओलाच आहे."

मी खोटं बोललो नाही. डायपर ओलाच होता. पण पातळ जुलाब आणि लघवी डायपरमध्ये वेगळे दिसत नाहीत. ती पिशवी दोन्ही सारखंच पिऊन टाकते. लंगोट असता तर पिवळा डाग कुठे आणि पाण्याचा डाग कुठे ते दिसलं असतं. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि ट्रेनिंगला गेली. नेमका प्रश्न विचारला गेला होता, उत्तर चुकलं.

७.४० (चार तास चाळीस मिनिटं)

आमच्या डॉक्टरांचा फोन बंद, ओपीडी दहाला. कोपऱ्यावरचं मेडिकल उघडलं तसा गेलो. "लहान मुलांचं ओआरएस द्या." त्याने सफरचंदाच्या चवीचा, चित्राबित्राचा एक टेट्रापॅक दिला, त्यावर ती तीन अक्षरं ठळक होती. तो घेणाऱ्यांत मी एकटा नव्हतो. तसल्या गोड पेयांच्या नावातून ही अक्षरं काढा, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काढला. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या.

चिऊला ते आवडलं. तहानेने बाटलीच धरली आणि शंभर मिली एका दमात संपवलं. मला हायसं वाटलं. सात मिनिटांनी सगळं बाहेर, आणि पाठोपाठ दोन मोठे जुलाब. त्यानंतर आईने जायफळ उगाळलं. दुधात एक वेढा, बोटाला लागेल एवढंच.

९.२० (तीन तास)

चिऊ झोपली. उलटी नाही, जुलाब नाही, रडणं नाही. आई म्हणाली, "जायफळाने बांधलं बघ." मी आंघोळ केली, पोहे खाल्ले. बायकोला मेसेज केला: शांत झोपली आहे.

तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. मी पुसला नाही.

रात्रभरातला सगळ्यात वाईट तास हा होता आणि घरात सगळ्यात शांतता याच तासाला होती. जुलाब थांबले नव्हते. बाहेर टाकायला फारसं उरलं नव्हतं. आणि ती झोपली नव्हती, ग्लानीत गेली होती. लहान मुलाचं शरीर या अवस्थेत हातापायांकडचं रक्त आवरून मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, नाडी खूप वेगाने चालवतं आणि शेवटपर्यंत रक्तदाब धरून ठेवतं. वरून सगळं ठीक दिसतं. मग एकदम कोसळतं. ओपीडी दहाला उघडली तेव्हा मी गेलो नाही. झोपलेल्या पोरीला कशाला उठवायचं?

१०.४५ (एक तास पस्तीस मिनिटं)

चिऊला आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आल्या. गेले दहा महिने रोज याच वेळी येतात. पाणी तापत ठेवून त्यांनी चिऊला पायांवर घेतलं, झबलं काढलं, आणि थांबल्या. तळपाय हातात धरला. मग पोटावरची कातडी चिमटीत उचलून सोडली.

ती तशीच राहिली. कणकेच्या गोळ्याला चिमटा काढावा तशी. मग हळूहळू बसली.

"आवं दादा, लेकराचं पाय थंडगार पडल्यात. आंघोळ कसली घालताय, गाडी काढा."

त्यांनी कुठे काही शिकलेलं नाही. चाळीस वर्षं लोकांची लेकरं हाताळली आहेत, त्यामुळे कातडी कशी लागायला हवी ते हाताला ठाऊक. तसाच आईचा हातही पाच वाजता बोलला होता.

११.०० (एक तास वीस मिनिटं)

वाईतल्या डॉक्टरांनी बघताक्षणी रांग थांबवली. हाताला सुई लावायचा प्रयत्न दोनदा केला. शिरा चपट्या झालेल्या. तिसऱ्यांदा वेळ घालवला नाही, याचे त्यांचे उपकार. नाकातून पोटात एक बारीक नळी सरकवली, सिस्टरच्या हातात ओआरएसचा जग दिला, नीट एक लिटरमध्ये कालवलेला, आणि म्हणाले, "सातारा गाठा. रस्त्यात हे चालू ठेवायचं."

बायकोला मी आता खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. फोन चालूच होता, मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

११.२५ (पंचावन्न मिनिटं)

शेजाऱ्यांची गाडी. मागे मी, मांडीवर चिऊ, शेजारी सिस्टर. तिने सिरिंजचा दांडा काढून नुसती नळकांडी उंच धरली होती, आणि त्यात थोडं थोडं पाणी ओतत होती. ते आपल्या वजनाने खाली उतरायचं. गाडी उडाली की हात वर, पोट फुगलं की थांबायचं, मग पुन्हा. पाचवड फाट्याला हायवे लागला. आनेवाडी टोलनाक्यावर रांग होती. शेजारी उतरून पुढे पळत गेले, काय बोलले माहीत नाही, बाजूची लेन उघडली.

बनगावचं ते पाणी माझ्या पोरीच्या नाकातून आत जात होतं. आठ तास उशिरा.

१२.२०

काटा: ७.५ किलो. चार दिवसांपूर्वी सर्दीसाठी नेलं होतं तेव्हाच्या कागदावर ८.४. साडेतेरा तासांत ९०० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातून साडेसात लिटर जावं, तसं.

मनगटाला नाडी लागेना. रक्तदाबाच्या यंत्रावर आकड्यांऐवजी आडव्या रेघा. डॉक्टरांनी छातीवर अंगठा दाबून सोडला. पांढरा ठसा उमटला आणि तसाच राहिला. त्यांनी मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच." दोनाच्या आत रंग परतायला हवा. चिऊचे डोळे अर्धे उघडे होते, कशाकडेच बघत नव्हते. मी हाक मारली. तिने माझ्या आवाजाकडे मान वळवली नाही. दहा महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

शीर मिळेना. मग गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडात सुई. तिला फिरवून आत घालावी लागते, आणि हाड देतं तेव्हा एक बारीक आवाज होतो. चिऊ रडली नाही. ती रडली नाही म्हणून मी भिंतीला टेकलो.

हाडाच्या आतल्या पोकळीला कोसळणं माहीत नसतं, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. शिरा चपट्या झाल्या तरी तिथून औषधपाणी थेट रक्तात जातं. रिंगर लॅक्टेट, पहिल्या तासात किलोमागे ३० मिली, म्हणजे २५० च्या आसपास; मग पाच तासांत आणखी ५९० च्या घरात. याच वेळी त्यांनी ते चार प्रश्न विचारले.

१.०५

चिऊ रडली. बेसूर, घोगरं. बाहेर आई बाकावर बसली होती, तिने पदर तोंडाला लावला.

६.१०

हातात आता शीर मिळाली होती, नडगीची सुई काढलेली. आईने घरून येताना पिशवीत लंगोट कोंबले होते, आठ-दहा, जुन्या धोतराचे. सिस्टरनी डायपर न लावता तेच वापरायला परवानगी दिली. त्यांचा काटा होता. कोरडा लंगोट ४० ग्रॅम. सहा वाजून दहा मिनिटांनी काढलेला ९५. मध्ये पिवळा डाग, कडेला स्पष्ट.

मी खिशातून बिल काढून त्याच्या मागे ते लिहून ठेवलं. मेडिकलचं बिल, टेट्रापॅकचं.

७.२५

बायको आली. ट्रेनिंगचं ओळखपत्र गळ्यातच. माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टरना विचारून तिने चिऊला जवळ घेतलं, पाजायला लावलं. चिऊने दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा धरलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग तिने वर न बघता विचारलं, "शू केली?"

"पंचावन्न मिली. सहा वाजून दहा मिनिटांनी."

तिने ऐकलं की नाही कळलं नाही. तिचा तळहात टाळूवर होता, आणि आई शेजारी उभी राहून तो हात थोडा पुढे सरकवत होती, "इथे नाही, इथे बघ."